आडवी आलेली काडी

मी एक जुनी पिशवी आहे. बाजारात भाजी आणायला नेतात तसली नव्हे. माझं तोंड चारी बाजूंनी शिवून बंद केलेलं आहे, आणि पोटात तीन-साडेतीन किलो ज्वारी आहे. मला पाहून लोक आधी उशी समजतात. एका पाहुण्यांनी तर माझ्यावर डोकं टेकून पाहिलं आणि मान चोळत उठून बसले. मला तेव्हा जरा हसूच आलं होतं.

मित्रांनो, मी कॅमेऱ्याखाली बसणारी पिशवी आहे. पक्ष्यांचे फोटो काढणारे मला बीनबॅग म्हणतात. लांबलचक लेन्सचा कॅमेरा नुसत्या हातात धरला की हलतो, आणि कॅमेरा हलला की पक्षी पुसट येतो. म्हणून मला जमिनीवर ठेवायचं आणि माझ्या पोटात कॅमेरा थोडा दाबून बसवायचा. आतली ज्वारी सरकून त्याला जागा करून देते, आणि मग तो जागचा हलत नाही. माझं काम एवढंच आहे, पण ते मी मन लावून केलं.

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, माझा जन्म झाला. मला शिवलं काशम्मांनी. कापड त्यांच्या लग्नातल्या चादरीचं. तीस वर्षं वापरून ती मधोमध विरली होती, पण कडा धडधाकट होत्या. त्या कडांतून मी निघाले, म्हणून माझ्या एका अंगाला अर्धंच फूल आहे. ज्वारी दुधनीहून आली, त्यांच्या दिरांच्या शेतातली. किडे लागू नयेत म्हणून काशम्मा मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घालत होत्या, आणि त्यांचे यजमान चन्नप्पा सर शेजारी उभे राहून "अजून थोडी, अजून थोडी" करत होते. शेवटी काशम्मांनी कानडीत सुनावलं, "साकु! पुरे की आता. सगळी हिच्या पोटात घातल्यावर भाकरी कशाची करू मी?"

मग त्यांनी माझ्या कुशीला एक छोटा खिसा शिवला आणि त्यात सुई, दोरा आणि दोरे कापायची लहान कात्री ठेवली. माळावर शिवण उसवली तर सगळी ज्वारी सांडेल, अशी त्यांना काळजी. त्या कात्रीबद्दल मला पुढे सांगायचं आहे. ती गोष्ट सांगावीशी वाटत नाही, पण तिच्यासाठीच तर मी बोलायला बसले आहे.

चन्नप्पा सर शाळेत चित्रकला शिकवायचे. खडू हातात घेतला की फळ्यावर एका दमात असं गोल वर्तुळ काढत की पोरं पुढे येऊन कंपास लावून बघायची. निवृत्त झाल्यावर लेकीने, दानेश्वरीने, पुण्याहून त्यांना कॅमेरा पाठवला. सरांना पक्ष्यांचं वेड लागलं. पण पहिले फोटो काही विचारू नका! एकात नुसती शेपटी, एकात नुसती फांदी, एकात पांढऱ्या आभाळात एक काळा ठिपका. काशम्मा विचारायच्या, "हा कावळा का?" सर म्हणायचे, "खंड्या आहे गं." आणि दोघं हसायची.

सोलापुरात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी ही मंडळी तळ्यावर, माळावर जातात आणि दर पावसाळ्यात फोटोंचं प्रदर्शन भरवतात. त्यातला अभिमन्यू वयाने सरांच्या लेकीएवढा, कुठल्याशा कचेरीत नोकरीला, पण फोटोतलं त्याला फार कळतं. तो सरांना शिकवायचा. "सर, उभं राहून काढू नका. झोपा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या." "सर, ऊन पाठीवर घ्या." "सर, बाकी काही पुसट आलं तर येऊ द्या, डोळा शार्प पाहिजे." जन्मभर शिकवलेला माणूस साठी उलटल्यावर वहीत हे सगळं टिपून घ्यायचा.

त्याच सुमाराला सरांच्या बशीतला चहा सांडू लागला. आधी वाटलं, वयामुळे असेल. मग सहीचं वळण बदललं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हात असाच थरथरणार, गोळी घेतली की दोन तास ऐकेल, पण पुढे पुढे तेवढंही ऐकणार नाही. वर्तुळ काढणारा तो हात! काशम्मांनी दुसऱ्या दिवशी पेटीतून चादर काढली आणि मशीनवर बसल्या. माझा जन्म हा असा झाला, मित्रांनो.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. सकाळी साडेसहाला सर गोळी घ्यायचे, मला खांद्याला अडकवायचे आणि स्कूटरवरून बार्शी रस्त्याच्या पलीकडच्या माळावर जायचे. मी जमिनीवर, माझ्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे पालथे पडलेले सर. कुसळं माझ्या अंगात घुसायची, काशम्मा घरी एकेक वेचून काढायच्या. हळूहळू सरांच्या फोटोत पक्ष्याला डोळा आला. मग डोळ्यात चमक आली. टिटवीच्या पायाखालचे खडेसुद्धा मोजून घ्यावेत इतके स्पष्ट येऊ लागले. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बसली बघ मांड!" मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पण प्रदर्शनातून त्यांचे फोटो दोन्ही वर्षं परत आले. चांगले होते, भिंतीवर लागण्याइतके नव्हते. आणि गोळीचे दोन तास आता दीड तासावर आले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा लेन्स पुसता पुसता सर काशम्मांना म्हणाले, "यंदा लागला तर लागला. पुढच्या वर्षी हा हात माझा राहील असं वाटत नाही." काशम्मांनी माझी उसवलेली शिवण पुन्हा घातली.

त्या माळावर भिमाबाई शेरडं चारायची. तिला सरांचं कौतुकही होतं आणि गंमतही वाटायची. "मास्तर, पोटावर पडून काय गावतंय वो तुमाला?" असं विचारायची. मे महिन्यात एका सकाळी ती स्वतःच हाक मारत आली.

"मास्तर, हितं या. चंडोलानं घर केलंय. तीन पिल्ली हायती. पर लई जवळ जाऊ नगा बरं का. मी आठ दिस झालं, शेरडं तिकडून वळवती."

गवताचा एक दाट झुबका होता, सुकलेला, पिवळा. त्याच्या बुडाशी, आत, वाटीएवढं घरटं. वरून गवत असं झुकलेलं की जणू झोपडीचं छप्पर. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू? दहा वाजता दगडाला हात लावता येत नाही. त्या तीन जिवांना तेवढीच काय ती सावली होती.

सर दहा-बारा पावलांवर थांबले. मला खाली ठेवलं आणि आम्ही वाट पाहिली. चंडोलाची मादी चोचीत नाकतोडा घेऊन आली, तीन लाल चोची उघडल्या, सरांनी फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले, तर मादीच्या तोंडावर नेमकी एक काडी आडवी आली होती. सरांनी फोटो अभिमन्यूला पाठवला. त्याचा फोन आला. "सर, क्षण लई भारी पकडलाय! फक्त ती काडी. ती काडी नसती ना, तर ह्या वर्षीचा पहिला नंबर हाच होता."

तो एवढंच म्हणाला. काडी काढा, असं काही तो म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी जागा बदलून पाहिली. डावीकडून दोन काड्या आडव्या आल्या, उजवीकडून घरटंच दिसेना. तिसऱ्या दिवशी वाट पाहण्यातच तास गेला. सरांच्या करंगळीला कंप सुटला, तो माझ्या अंगाला कळला. गोळी उतरू लागली होती. पिल्लांना पिसं फुटत होती, चार दिवसांत ती उडून गेली असती. भिमाबाई लांब ओढ्याकडे होती. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या खिशात हात घातला.

मला वाटलं, माझी शिवण उसवली आहे.

सर कात्री घेऊन घरट्यापाशी गेले. एक काडी कापली. मागे येऊन कॅमेऱ्यातून पाहिलं. पुन्हा गेले, आणखी दोन कापल्या. मग बोटं थरथरू लागली तशी एकेक काडी नीट धरता येईना, म्हणून मूठभर गवत धरून एकदम कापलं. मादी वर घिरट्या घालत ओरडत होती. सर परत येऊन माझ्यामागे पडले. बराच वेळ ती येईना. मग आली. स्वच्छ उजेडात, डोळ्यात चमक, चोचीत नाकतोडा, समोर तीन उघड्या चोची. मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. त्या क्षणी सरांचा हात माझ्यावर अगदी स्थिर होता.

निघताना त्यांनी कापलेलं गवत गोळा करून घरट्यावर हलकंसं पसरलं. आपण ते जागच्या जागी ठेवलं, असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांच्या खांद्याला पाठीमागे लटकत होते, म्हणून मला दिसलं. आम्ही स्कूटरपाशी पोचायच्या आधीच वाऱ्याने ते सगळं उडवून नेलं. सरांनी वळून पाहिलं नाही. आणि मला, मित्रांनो, बोलता येत नाही. त्या सकाळी ते मला जितकं सललं तितकं पुन्हा कधी सललं नाही.

फोटो पहिला आला. ऑगस्टमध्ये प्रदर्शन भरलं तेव्हा तो दारासमोरच्या भिंतीवर मधोमध लावला होता. काशम्मांनी इरकल नेसलं होतं. सरांच्या हाताची गोष्ट गटात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कुणीतरी फोटोखाली टेबल मांडून त्यावर मला ठेवलं. लोक फोटो बघायचे, मग मला बघायचे. "ह्या पिशवीवर काढला होय!" असं म्हणून मला हात लावायचे. एवढी वाहवा माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही. पण माझ्या कुशीत ती कात्री होती, आणि मला ती टोचत होती.

सरांना वाटलं, घरटं जिने दाखवलं तिलाही एक प्रत द्यावी. चौकटीत बसवून घेतली आणि आम्ही माळावर गेलो. भिमाबाईने फोटो पदराने पुसला आणि उन्हाकडे पाठ करून धरला.

"लई झ्याक आलाय वो मास्तर! जिती हायत जणू." मग तिचं बोट पिल्लांवर फिरता फिरता थांबलं. "ह्येच्यावर गवत हुतं की. कुटं गेलं?"

सरांनी माझा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"गवत गेलं त्याच दिशी मेली की वो ही," ती सांगू लागली. "दुपारी पानी पाजून येताना बगितलं, तर वरचं गवत न्हाईच. आई पंख पसरून हुबी हुती पिल्लांवर, सावली करून. चोच अशी आ वासलेली. दोन तर मेलीच हुती. तिसरं सांजच्याला कावळ्यानं नेलं." तिने एका काळ्या-पांढऱ्या शेळीकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, ह्या कबरीनंच खाल्लं गवत. असली बडवली तिला काठीनं! चार दिस लंगडत हुती बिचारी. आठ दिस वळवली मी शेरडं, आन् शेवटी घरातलंच जनावर फिरलं, म्हून लई राग आला बगा."

सरांचा हात एवढा थरथरू लागला की माझ्या पोटातली ज्वारी वाजू लागली. भिमाबाई म्हणाली, "च्या घेऊन जावा की." सर म्हणाले, "येतो मी." आणि आम्ही निघालो. सांगायला हवं होतं ते त्यांच्या तोंडून फुटलं नाही.

घरी येऊन त्यांनी मला काशम्मांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. काशम्मांनी माझ्या खिशातून कात्री काढून बाजूला ठेवली. मग एवढंच विचारलं, "त्या बाईला सांगितलं का?"

"नाही."

"मग उद्या जावा."

"स्कूटर नाही गं धरवत आता. हात बघ की."

"मी येते संगं, रिक्षानं जाऊ. आणि हात कशाला लागतोय सांगायला? तोंड लागतंय."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली, मलाही नेलं. सरांनी भिमाबाईला उभ्या उभ्या सांगितलं, काही न लपवता. ती रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्याने सरांना बरं वाटलं असतं कदाचित. तिने कबरीला जवळ ओढलं, तिच्या पायावरून हात फिरवला आणि तिलाच म्हणाली, "उगाच मारलं की गं तुला."

मग खोपीत जाऊन ती चौकट घेऊन आली. "मास्तर, ह्यो तुमीच न्या. मी ह्येच्यात काय बगू आता?"

सरांनी गटाला सगळं कळवलं आणि प्रमाणपत्र परत केलं. काही जण म्हणाले, "एवढं काय त्यात, सगळेच करतात." काही जण बोलेनासे झाले. अभिमन्यू घरी आला, मला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला. "सर, काडी मीच दाखवली होती तुम्हाला." सर म्हणाले, "तू काडी दाखवलीस. कात्री माझी होती."

ती चौकट आता बैठकीच्या खोलीत आहे. फोटोखाली सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे : 'हा फोटो काढण्यासाठी मी घरट्यावरचं गवत कापलं. पिल्लं त्याच दिवशी मेली.' चित्रकलेच्या मास्तरांची ती अक्षरं, पण एकही ओळीत उभं नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी म्हणतो, "वा, काय सुंदर!" आणि मग खालचं वाचतो. काशम्मांनी एकदा विचारलं, "काढून ठेवू का हो आत?" सर नको म्हणाले.

कॅमेरा कपाटात गेला. मी वर्षभर गच्चीच्या दाराला अडसर म्हणून पडून होते. वाऱ्याने दार आपटू नये एवढाच माझा उपयोग. अंगावर धूळ बसली, फुलाचा रंग उडाला, पाल्याचा वास गेला आणि ज्वारीत किडे झाले. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण तक्रार कुणाकडे करायची? एका दिवशी काशम्मांनी मला उचललं, उसवून जुनी ज्वारी काढली, नवी भरली. खिसा मात्र रिकामा करून, तोंडावर उलटसुलट टाके घालून बंद केला. मग मला सरांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा हात माझ्यावर ठेवला. जड काहीतरी हाताखाली असलं की कंप जरा कमी होतो. आता मी दिवसभर तिथेच असते. हात फार हलला की ज्वारी वाजते, आणि काशम्मा स्वयंपाकघरातून गोळी आणि पाणी घेऊन येतात.

गेल्या मे महिन्यात भिमाबाईचा फोन आला. तिच्या नातीने नंबर लावून दिला होता. "मास्तर, चंडोल बसलाय बगा. त्याच जागंला. गवत पुन्ना आलंय चांगलं. बगायचं आसंल तर या."

अभिमन्यूने गाडी आणली. सरांनी कॅमेरा घेतला नाही. भिमाबाईने लांबच, तीस-चाळीस पावलांवर, बाभळीखाली पोतं अंथरलं. सर मला मांडीवर घेऊन बसले. समोर गवताचा पिवळा झुबका होता, दाट, जमिनीपर्यंत वाकलेला. एकदा मादी आली, त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आतून काही आवाज आला असेल तर तो आमच्यापर्यंत पोचला नाही. कबरी आमच्या मागे दाव्याने बांधलेली होती.

बऱ्याच वेळाने भिमाबाईने विचारलं, "दिसतंय का वो काय, मास्तर?"

"नाही," सर म्हणाले. "काहीच दिसत नाही."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

सरांचा हात माझ्यावर थरथरत होता, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अर्ध्या फुलावर पडत होतं. मित्रांनो, तुमच्याही हातात कधी कॅमेरा येईल. नेमक्या वेळी मध्ये एखादी काडी आडवी येईल, आणि तिच्यावाचून फोटो फार सुंदर होईल. तेव्हा ह्या ज्वारीच्या पिशवीला आठवा आणि ती काडी राहू द्या. ती कुणाची तरी सावली असते.